करारातून देश बाहेर, बागायतदार मात्र आतच!

काजूची बी बोंडासकट खाली पडते. ती पहाटे उठून वेचावी लागते, कारण उशीर झाला की वानर येतात, रानडुकरे येतात, कधी माणसेही येतात. वेचलेली बी बोंडापासून पिळून वेगळी करायची, खळ्यात उन्हे देऊन वाळवायची, गोणीत भरायची आणि दापोलीच्या बाजारात आणायची. व्यापारी गोणीत हात घालतो, मूठभर बी वर काढतो, एक फोडून पाहतो आणि भाव सांगतो. त्या भावाचा दापोलीच्या डोंगराशी काहीही संबंध नसतो. टांझानियात, बेनिनमध्ये, आयव्हरी कोस्टमध्ये यंदा किती बी पिकली आणि तुतिकोरिनच्या, मंगळूरच्या बंदरात ती काय दराने उतरली, यावर तो ठरलेला असतो. गोणी घेऊन आलेली बाई विचारते, भाव का पडला? उत्तर तीन शब्दांचे असते: बाहेरचा माल आलाय.

हा बाहेरचा माल कुठल्या दाराने येतो, ते दार कोणी उघडले, आणि ते बंद केल्याची द्वाही देशभर फिरवणाऱ्यांनी प्रत्यक्षात काय बंद केले, याचा जाब आज आम्हाला विचारायचा आहे.

4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी, म्हणजे ज्याला सगळे 'आरसेप' म्हणतात, त्या करारात भारत सामील होणार नाही असे जाहीर केले. नोव्हेंबर 2012 मध्ये नोम पेन्ह येथे सुरू झालेल्या वाटाघाटी सात वर्षे चालल्या होत्या. त्या एका संध्याकाळी संपल्या. पंतप्रधानांनी गांधीजींच्या तावीजाचा दाखला दिला. निर्णय घेताना तुम्ही पाहिलेल्या सर्वांत गरीब, सर्वांत दुबळ्या माणसाचा चेहरा आठवा, असे तो तावीज सांगतो. बाहेर पडण्याचा तो निर्णय आम्ही तेव्हाही योग्य मानला आणि आजही योग्यच मानतो. 2018-19 या एका वर्षात आरसेपमधल्या देशांशी आपली व्यापारी तूट 105 अब्ज डॉलर होती आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक एकट्या चीनशी होती. अशा सौद्यावर सही करणे म्हणजे आपल्या हाताने आपला गळा आवळणे होते.

पण दार लावण्याचा निर्णय घेणे वेगळे आणि दार लावणे वेगळे. पहिले काम एका भाषणात होते. दुसऱ्याला वर्षे लागतात, पैसा लागतो, यंत्रणा लागते, आणि ज्यांच्यासाठी दार लावायचे त्यांना विचारावे लागते. हे दुसरे काम झाले नाही. केंद्राने पुरते केले नाही, राज्याने केले नाही, आमच्या लोकप्रतिनिधींनी करवून घेतले नाही. या अपराधात एक पक्ष दोषी आणि दुसरा निर्दोष, अशी वाटणी करायला आम्ही तयार नाही.

आधी हे पाहा की आरसेपमध्ये उरलेले देश कोणते. आसियानचे तेव्हाचे 10, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. 15 नोव्हेंबर 2020 रोजी या 15 देशांनी सह्या केल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून करार अमलात आला. आता आपल्या बाजूची वही उघडा. आसियानशी आपला वस्तुव्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे. दक्षिण कोरियाशी 2010 पासून, जपानशी 2011 पासून करार आहेत. ऑस्ट्रेलियाशी 2022 साली झाला. म्हणजे ज्या दिवशी आपण आरसेपला नकार दिला, त्या दिवशी त्या 15 पैकी 12 देशांसाठी आपली सवलतीची दारे आधीच उघडी होती आणि नंतर तेरावे उघडले. बंद राहिले ते मुख्यतः चीनचे. ते बंद राहिले हे चांगलेच झाले. पण 'देश वाचला' असे सांगत जे फटाके फुटले, त्यांच्या धुरात ही बाकीची दारे जनतेला दिसू दिली गेली नाहीत.

आसियान करारावर 13 ऑगस्ट 2009 रोजी सही झाली, तीही बँकॉकमध्येच. तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होते आणि आनंद शर्मा वाणिज्यमंत्री होते. त्या सहीआधी संसदेचे मत घेतले गेले नाही. घ्यावे लागत नाही, कारण परराष्ट्रांशी करार करण्याचा अधिकार आपल्याकडे सरकारचा आहे आणि संसदेची मंजुरी त्याला बंधनकारक नाही. शेती हा राज्यसूचीतला विषय आहे, पण शेतमालाची आयात दिल्ली ठरवते आणि राज्याला विचारण्याची सक्ती तिच्यावर नाही. ही व्यवस्था मुळातच अन्यायाची आहे. दापोलीच्या आगरातल्या माणसाचे पोट ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कागद त्याने निवडून दिलेल्या खासदारासमोर मतासाठी येतच नाही!

त्या वेळी केरळने काय केले ते आठवा. 2 ऑक्टोबर 2009 रोजी कासारगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत माणसांची साखळी उभी राहिली. रबर, मिरी, नारळ, मासे, सगळ्यांची माणसे रस्त्यावर आली. त्याआधी वाटाघाटींच्या काळातही तिथला आवाज दिल्लीपर्यंत पोचलेला होता. म्हणून करारात 489 वस्तूंची वगळलेली यादी आहे, म्हणून चहा, कॉफी, मिरी आणि पामतेल यांना 'विशेष वस्तू' म्हणून सावकाश कपातीची सोय मिळाली. ती पुरेशी होती असे केरळचे लोकही म्हणत नाहीत. पण त्यांनी भांडून काही तरी पदरात पाडून घेतले. त्याच समुद्राच्या याच काठावर आपणही राहतो. आपलीही पिके तीच आहेत. आपण काय केले? कोकणातून एक मोर्चा मंत्रालयावर गेला नाही, एक साखळी उभी राहिली नाही. आपले पुढारी तेव्हा कुठल्या तरी दुसऱ्याच भांडणात गुंतले होते आणि आपण त्यांना तसे गुंतू दिले.

2019 साली पुन्हा तेच घडले. आरसेपविरुद्ध देशात जो आवाज उठला त्यात सर्वांत खणखणीत होता तो दुधाचा. न्यूझीलंडची दूध भुकटी आली तर गावोगावच्या दूध संस्था बुडतील, हे अमूलने ठामपणे मांडले. किसान सभा उभी राहिली, स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, काँग्रेसही विरोधात बोलू लागली. हा विरोध रास्त होता आणि तो फळाला आला याचा आनंदच आहे. पण दुधाला वाली होता, कारण दूधवाले संघटित आहेत. काजूला कोण होता? सुपारीला कोण होता? ज्याची संघटना त्याचे संरक्षण, हा न्याय असेल तर त्या तावीजातला सर्वांत दुबळा माणूस नेमका कोण, याचे उत्तर सरकारने द्यावे. आम्ही तो रोज पाहतो. तो मुरूडला आहे, आंजर्ल्याला आहे, आसूदच्या बागेत आहे, केळशीला आहे.

सुपारीचे ऐका. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने दापोली आणि मंडणगडची किनारपट्टी झोडपली. आगरेच्या आगरे एका दुपारीत आडवी झाली. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. पणज्याने लावलेल्या बागा होत्या त्या. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. आमच्याकडे आगर हेक्टरात मोजतात का? ते गुंठ्यांत मोजतात. म्हणजे गुंठ्याला सरासरी 500 रुपये आले, आणि एका गुंठ्यात किती पोफळी उभ्या असतात हे दिल्लीला किंवा मुंबईला माहीत नसले तरी इथल्या शाळकरी मुलाला माहीत आहे. लोकांनी तरीही रोपे आणली, खड्डे मारले, शिंपणे पुन्हा सुरू केले. ज्यांनी 2020 च्या पावसाळ्यात पोफळ लावली त्यांच्या पदरात पहिली सुपारी 2027-28 च्या सुमारास पडायची. तोवर बाजार कोणाच्या हातात असेल?

कागदावर सुपारीला भक्कम कवच आहे. आयात शुल्क 100 टक्के. किमान आयात किंमत किलोला 251 रुपये होती, ती फेब्रुवारी 2023 मध्ये 351 केली. त्याहून स्वस्त सुपारी आत येऊच शकत नाही असे वाटेल. पण शेजारी देशांशी आपले सवलतीचे करार आहेत. श्रीलंकेशी 2000 सालापासून आहे, सार्क देशांचा सामाईक करार आहे. त्यांच्या मालाला शुल्क कमी. मग इंडोनेशियाची सुपारी श्रीलंकेत उतरते, तिथे तिला श्रीलंकेत पिकल्याचा दाखला मिळतो आणि ती श्रीलंकेची म्हणून आपल्या बंदरात येते. महसूल गुप्तचर संचालनालयाने अशी प्रकरणे पकडलेली आहेत. आणि हे फार लांबचे नाही. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशावरून सीबीआयने नागपूर आणि मुंबईत छापे घातले. आरोप हाच होता: इंडोनेशियाची हलकी सुपारी दुसऱ्या देशाची म्हणून दाखवायची आणि शुल्क बुडवायचे. न्यायालयाला आदेश द्यावा लागला! ज्यांचे ते रोजचे काम, ज्यांना त्यासाठी पगार मिळतो, ते काय करत होते?

उगमाच्या दाखल्यांची कसून तपासणी करण्याचे नियम सरकारने 21 सप्टेंबर 2020 पासून लागू केले. चांगले केले. पण आसियान करार लागू होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती आणि श्रीलंका करार लागू होऊन वीस. चोर दहा-वीस वर्षे घरात वावरल्यावर कडी बसवायची आणि तिच्या कौतुकाचे पोवाडे गायचे, हे आम्हाला मान्य नाही. आणि कडी बसवली तर ती लागते का, हे तपासणारा माणूस बंदरावर हवा. तो किती बंदरांवर आहे, त्याने वर्षात किती दाखले नाकारले, याची यादी सरकारने दर वर्षी प्रसिद्ध करावी. लपवण्यासारखे काही नसेल तर हे अवघड नाही.

आता काजू. इथे आम्हाला थोडे सविस्तर बोलू द्या, कारण या पिकाबद्दल अर्धवट बोलणारे फार झाले आहेत.

1990 साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. वरकस जमिनीवर, कातळाच्या कडेला, जिथे नाचणी-वरीशिवाय काही होत नव्हते तिथे कलमे उभी राहिली. या दापोलीतच 1972 साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेली वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही कलमे आज गावोगाव आहेत. मुंबईच्या गिरणीतून परत आलेल्या माणसाने ती लावली, विधवा बाईने लावली. सरकार म्हणाले लावा, आणि कोकणाने विश्वासाने लावली. मग भाव देण्याची वेळ आली तेव्हा सरकारने काय केले? 2018 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कच्च्या काजू बीवरचे आयात शुल्क 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आणले. आफ्रिकेतल्या अतिगरीब देशांच्या मालाला तर वेगळ्या योजनेखाली शुल्क माफच आहे.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, आफ्रिका ना आसियानमध्ये, ना आरसेपमध्ये, मग या चर्चेत काजू कशाला? त्यांना आम्ही सांगतो की नेमके म्हणूनच! तुम्ही एका करारातून बाहेर पडलात म्हणून माल यायचा थांबत नाही. माल येतो तो तुमच्या एकूण धोरणातून. धोरणात बागायतदाराची जागा शेवटची असेल, तर तुम्ही शंभर करारांतून बाहेर पडलात तरी त्याच्या गोणीचा भाव तोच राहणार.

प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांचीही बाजू आहे आणि ती आम्ही दडवणार नाही. आपल्याकडचा हंगाम फेब्रुवारी ते मे. कारखाना बारा महिने चालायचा तर बी बारा महिने हवी. देशात पिकते त्याहून कितीतरी जास्त बी फोडण्याची ताकद आपल्या कारखान्यांत आहे. व्हिएतनाम आफ्रिकेची बी विनाशुल्क घेतो, यंत्रांवर फोडतो आणि गेली कित्येक वर्षे जगात सर्वांत जास्त काजूगर विकतो. पूर्वी तो मान आपला होता. कोल्लममधले कारखाने बंद पडले. आपल्याकडेही गर सोलायला बसणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. कारखाना बंद पडला तर चूल त्यांचीही विझते. म्हणून कारखानदार म्हणतो, शुल्क शून्य करा. बागायतदार म्हणतो, शुल्क वाढवा. एकाच तालुक्यातली, कधी एकाच वाडीतली ही दोन माणसे एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहू लागली आहेत.

आणि सरकारला हे सोयीचे झाले आहे! दोघे भांडतात म्हणून दोघांनाही टोलवायचे. जून 2019 मध्ये आयात होणाऱ्या काजूगराची किमान किंमत वाढवली, तुकड्याला किलोमागे 680 आणि अख्ख्याला 720 रुपये. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात काजूगरावरचे शुल्क 45 टक्क्यांवरून 70 केले. म्हणजे गराला तटबंदी आणि बीला मोकळे मैदान. कारखानदाराचा तयार माल सुरक्षित, बागायतदाराचे पीक उघड्यावर. कारखानदाराला संरक्षण दिले याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही आहे की त्या संरक्षणातला वाटा ज्याच्या झाडावर बी पिकते त्याच्यापर्यंत पोचेल अशी एकही अट घातली नाही. 70 टक्क्यांच्या भिंतीआड ज्याला धंदा करायचा आहे, त्याने हंगामात स्थानिक बी ठरलेल्या भावाने आधी घ्यावी, मग बाहेरची आणावी, एवढे सांगायला कोणाची परवानगी लागत होती?

सख्ख्या शेजाऱ्याकडे पाहा. गोवा सरकारने 2023 साली काजू बीचा आधारभूत भाव 125 वरून 150 रुपये केला. बाजारात कमी मिळाले तर फरक सरकार भरते. तेरेखोलच्या अलीकडे, महाराष्ट्रात, 2024 च्या हंगामासाठी किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर झाले. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच! बागायतदार 200 रुपये हमीभाव मागत होता. त्याला 10 रुपयांसाठी अर्ज, सातबारा, विक्रीच्या पावत्या गोळा करायला लावले. ज्याने घराच्या पडवीत बसून फेरीवाल्या व्यापाऱ्याला गोणी विकली, त्याने पावती कुठून आणावी? हे अनुदान नाही, हा अपमान आहे.

आता दिल्लीत दुसराच सूर निघू लागला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये नीती आयोगाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी भारताने आरसेपमध्ये जायला हवे असे मत मांडले. त्याच्या आधी जागतिक बँकेनेही फेरविचार सुचवला होता. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल त्याला नकार देत आले आहेत. म्हणजे सरकारच्या एका दालनात परत जाण्याचा विचार आहे आणि दुसऱ्या दालनात ठाम विरोध. मतभेद असणे वाईट नाही. पण हा वाद जनतेसमोर, संसदेत, आकड्यांसह का होत नाही? परत जाण्याचा सल्ला देणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: जे बाहेर राहूनही वाचलेले नाहीत, त्यांना आत नेऊन तुम्ही काय देणार ते आधी इथे येऊन सांगा. दापोलीला एसटी येते. खेडपर्यंत कोकण रेल्वे आहे.

ब्रिटनचे पाहा. 23 जून 2016 रोजी त्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर पडावे की नाही हे एका दिवसात ठरले. कसे पडावे यावर ते साडेतीन वर्षे भांडले. आयर्लंडच्या सीमेवर नाके बसवायचे की नाही, मच्छीमारांचे पाणी कोणाचे, कारखान्यांच्या सुट्या भागांवर शुल्क किती, या एकेका मुद्द्यावर संसद रात्र-रात्र बसली. 15 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला गेला. अखेर 31 जानेवारी 2020 रोजी ते बाहेर पडले. त्या गोंधळाला जग हसले. आम्ही हसत नाही. तिथल्या कोळ्याचे म्हणणे काय आहे हे तिथल्या पंतप्रधानांना सभागृहात ऐकून घ्यावे लागले. आमच्या हर्णैच्या कोळ्याचे, आमच्या बुरोंडीच्या बागायतदाराचे म्हणणे लोकसभेच्या कामकाजात कोणत्या पानावर आहे?

दुसऱ्याच्या गटाचा निर्णय आपल्या बाजारावर कसा कोसळतो याचा धडाही कोकणाला मिळालेला आहे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारताच्या आंब्यावर बंदी घातली. फळमाशी सापडली म्हणून. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानेही अडवली. ऐन हंगामात ब्रिटनमधल्या मराठी, गुजराती घरांना आंबा हवा होता, तिथले दुकानदार घ्यायला तयार होते, पण निर्णय ब्रसेल्सचा होता. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली, ती गरम पाण्याची प्रक्रिया, तपासणी, नोंदणी हे सगळे नीट बसवल्यावर. तेव्हा कळले की जगाशी व्यापार करायला सहीपेक्षा सुविधा जास्त लागते. दाभोळच्या बंदरात कधी काळी अरबस्तानचे घोडे उतरत असत. व्यापार कोकणाला परका नाही. आम्ही व्यापाराचे वैरी नाही. तयारीवाचून केलेल्या सहीचे आणि तयारीवाचून केलेल्या नकाराचे आम्ही वैरी आहोत.

शंभर वर्षांपूर्वी हाच वाद याच जिल्ह्यातल्या दोन थोर माणसांनी घातला होता, याची आजच्या पुढाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव, आपल्याच दापोली तालुक्यातले. नामदार गोखल्यांचा जन्म कोतळुकचा, खाडीपलीकडच्या गुहागरचा. 1905 च्या वंगभंगानंतर परदेशी मालावर बहिष्कार टाकावा का, कुठे टाकावा, किती टाकावा, यावरून हे दोघे समोरासमोर उभे राहिले. गोखल्यांना स्वदेशी मान्य होती. बहिष्काराचे शस्त्र सरसकट देशभर उगारणे मान्य नव्हते. टिळकांना बहिष्कारावाचून स्वदेशी लुळी वाटत होती. 1907 साली सुरतेला काँग्रेस दुभंगली. पण दोघांपैकी एकानेही लोकांना अंधारात ठेवले नाही. आणि बहिष्काराची हाक देणाऱ्यांनी नुसती हाक देऊन हात झटकले नाहीत. पैसा फंडासाठी लोकांनी एकेक पैसा दिला, टिळकांनी त्या फंडाला बळ दिले आणि 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशी काच नको म्हणायचे तर आपली काच हवी, हे त्यांना कळत होते. परदेशी बी नको म्हणायचे तर आपल्या बीला भाव, आपल्या बोंडाला उद्योग आणि आपल्या कारखान्याला भांडवल हवे, हे शंभर वर्षांनंतरच्या राज्यकर्त्यांना का कळू नये? आजही दर हंगामाला टनावारी बोंड झाडाखाली कुजते. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात बोंडावरच्या प्रक्रियेसाठी मोठी घोषणा झाली. घोषणेचा वास येत नाही. कुजलेल्या बोंडाचा येतो.

आसियान कराराच्या फेरआढाव्याला उशिरा का होईना मान्यता मिळाली आणि तो 2025 पर्यंत पुरा करण्याचे 2023 साली ठरले. 2010-11 मध्ये 5 अब्ज डॉलरच्या आसपास असलेली आसियानशी तूट 2022-23 मध्ये 43 अब्जांच्या पुढे गेली, तेव्हा कुठे जाग आली. आढाव्याच्या टेबलावर कोकणाचा कागद आहे का? महाराष्ट्र सरकारने कोकणाच्या पिकांची स्वतंत्र मागणी लेखी दिली असेल तर ती जनतेसमोर ठेवावी. नसेल दिली तर तसे सांगण्याचे धैर्य दाखवावे. दापोलीच्या विद्यापीठाने काजू, सुपारी, नारळ, कोकम या पिकांवर आयातीचा काय परिणाम झाला याचा गाववार अहवाल मांडावा; तो करण्याची विद्वत्ता त्याच्याकडे आहे आणि मांडण्याचे कर्तव्यही. आमच्या खासदाराने तो लोकसभेत वाचावा. कच्च्या बीवरचे शुल्क हंगामाच्या चार महिन्यांत चढे आणि उरलेल्या आठ महिन्यांत उतरते ठेवावे, म्हणजे बागायतदारही जगेल आणि कारखान्यातली बाईही जगेल. गोव्यासारखा फरक भरून देणारा भाव द्यावा. आणि यापुढे कोणत्याही करारावर सही करण्याआधी किंवा त्यातून बाहेर पडण्याआधी तो संसदेसमोर आलाच पाहिजे.

बागायतदारांनो आणि कारखानदारांनो, तुम्ही एकमेकांशी भांडत राहिलात तर तुम्हाला कोणी वाचवणार नाही. आधी एका ओटीवर बसा.

1 मे रोजी ग्रामसभा आहे. काजूचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, पोफळीला शिंपणे चालू असते, आंब्याच्या पेट्या भरायची घाई असते. तरी जा. वेळ काढून जा. इतिवृत्तात ठराव लिहून घ्या, सह्या करा, सरपंचाकडून शिक्का मारून घ्या, आणि त्याची एक प्रत तहसीलदाराला, एक आमदाराला, एक खासदाराला पोच घेऊन द्या. दापोली तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा ठराव गेला पाहिजे. बँकॉकमध्ये दोनदा आपल्याविषयी ठरले आणि दोन्ही वेळा आपण तिथे नव्हतो. तिसऱ्यांदा ठरेल तेव्हा आपला कागद टेबलावर असू द्या.